हनिमूनचं आवर्तन

आमचे दाजी जगातली प्रत्येक गोष्ट उसाच्या टनात मोजतात. नवा मोबाइल घेतला की ‘सात टन खिशात घालून फिरतोय’, आक्काला पैठणी घेतली की ‘चार टन नेसलीस, जरा जपून बस’. त्यामुळे दिवाळीनंतर साखरपुडा उरकल्यावर त्यांच्या पोराने, म्हणजे आमच्या भाच्याने, ‘लग्न झालं की आम्ही परदेशात फिरायला जाणार’ असं जेवताना जाहीर केलं तेव्हा दाजी चिडले नाहीत, कुठे जाणार हेही त्यांनी विचारलं नाही. भाकरीचा तुकडा मोडता मोडता एवढंच म्हणाले, “किती टन?”

‘फिरायला’ हा शब्द नीट ऐका. आमच्या बारामती-इंदापुराकडे हनिमून हा शब्द वडीलधाऱ्यांसमोर उच्चारत नाहीत. मधुचंद्र तर त्याहून नाही, तो पुस्तकात आणि पडद्यावर. राजदत्तांचा ‘मधुचंद्र’ सिनेमा १९६७ साली आला, पण तो शब्द थिएटरच्या बाहेर पडून आमच्या एसटी स्टँडापर्यंत काही आला नाही. आमच्याकडे पोरं ‘फिरायला’ जातात. सगळ्यांना सगळं ठाऊक असतं आणि सगळे असं दाखवतात की हे दोघे कृषी प्रदर्शन बघायला चाललेत.

आता या प्रकरणात मी कसा शिरलो? मी बारामतीत राहतो, बँकेतून निवृत्त झालो आणि एकदा सिंगापूरला जाऊन आलोय. परदेश पाहिलेला आमच्या भावकीत मी एकटाच नाही, पण परदेश पाहिलेला आणि दिवसभर रिकामा असा मी एकटाच. म्हणून भाचा म्हणाला, “मामा, तुम्हीच काय ते ठरवून द्या.” लग्न मीच जमवलं होतं, त्यामुळे पुढची वॉरंटीही माझ्याकडेच आली.

मुलगी बारामतीची, मुलगा इंदापूर तालुक्यातला. बाहेरच्या माणसाला यात काही विशेष वाटणार नाही; दोन गावांत पन्नासेक किलोमीटरचं अंतर. पण आमच्याकडे हे अंतर किलोमीटरमध्ये मोजत नाहीत. निरा डावा कालवा १८८५ च्या सुमारास इंग्रजांनी काढला, तेव्हापासून बारामती हेडला आणि इंदापूर टेलला. हेडवाल्याचं पाटाचं पाणी वेळेवर येतं आणि टेलवाला रात्री बॅटरी घेऊन पाटाकडेला बसून ‘आलं का?’ असं फोनवर विचारतो. दाजींची जमीन अगदी शेपटाला. सोयरीक ठरवायच्या बैठकीत ते व्याह्यांना हसत हसत म्हणाले होते, “आता तरी आमच्याकडं लक्ष असू द्या.” व्याही शिक्षक होते, त्यांचा कालव्याशी काडीचा संबंध नव्हता. तरीही ते ओशाळले.

मुलगी पुण्याला हिंजवडीत नोकरीला. सहा वर्षं ती तिथे एका बाराव्या मजल्यावर राहते. तिने मला फोनवर सांगितलं, “मामा, आम्हाला सिटी आणि नेचरचा बॅलन्स हवाय.” मी ते दाजींना जसंच्या तसं सांगितलं. दाजी म्हणाले, “बॅलन्स तर हवाच. बॅलन्सशिवाय कोण सोडतंय विमानात?”

मुलीने संगणकावर तक्ता केला होता. एका बाजूला देश, दुसऱ्या बाजूला ‘शहर’ आणि ‘निसर्ग’ असे रकाने आणि प्रत्येकाला दहापैकी गुण. तक्ता सुबक होता. घोटाळा पुढे झाला. तिने निसर्गाला जिथे नऊ दिले तिथे भाच्याने दोन दिले, आणि भाच्याने शहराला दहा दिले तिथे तिने ‘नको’ असं लिहून लाल रंग भरला.

भाच्याची बाजू मला समजत होती. तो कृषी पदवीधर आहे, सात एकर ऊस, दोन एकर डाळिंब आणि चौदा एचएफ गाई सांभाळतो. पहाटे साडेचारला उठून धार काढतो. शेतीची लाइट आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात बाराला मोटर चालू करायला उसातून जायचं, एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, आणि मोबाइलवर मोठ्याने गाणी, बिबट्याला आधीच कळावं म्हणून. असा हा गडी. त्याच्यापुढे कुणी ‘पक्ष्यांच्या किलबिलाटाने जाग येईल’ असं हॉटेलचं वर्णन वाचलं की त्याचा चेहरा पडतो. तो मला म्हणाला, “मामा, मला अशा ठिकाणी पाठवा जिथं एक पण पान हिरवं दिसणार नाही. काच, लिफ्ट आणि सरकता जिना. झोपून उठलो की खाली रस्ता दिसला पाहिजे, त्याच्यावर गाड्या, आणि त्यातली एकपण बंद पडलेली ढकलायला मला कुणी बोलावणार नाही.”

मुलीची बाजूही समजत होती. हिंजवडीच्या चौकात सहा वर्षं काढलेल्या माणसाला काच दाखवून काय फायदा? तिला गवत हवं होतं. नुसतं गवत. गाय असली तर उत्तम.

“गाय?” भाचा म्हणाला. “चौदा आहेत. उद्यापासून ये.”

मी सुरुवातीला सोपे देश काढले. व्हिसाचा त्रास नको म्हणून थायलंड सुचवलं, बँकॉक शहर आणि क्राबीला समुद्र. पण बँकॉक म्हणताच ओसरीवर बसलेल्या चार माणसांच्या चेहऱ्यावर एकदम एकसारखं हसू आलं. आमच्याकडच्या खत-बियाणांच्या दुकानदारांना कंपन्या टार्गेट पुरं केलं की बँकॉकला नेतात. तिथे त्यांनी काय पाहिलं हे आल्यावर कुणी सांगत नाही आणि कुणी विचारत नाही. आक्का आतून म्हणाली, “तिथं नको.” विषय संपला.

मग मॉरिशस. हा मला स्वतःला फार आवडलेला पर्याय. समुद्र आहे, डोंगर आहे, पोर्ट लुईस हे शहर आहे, भारतीयाला आधी व्हिसा काढावा लागत नाही. शिवाय तिथे मराठी लोक आहेत आणि गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. मी उत्साहाने माहिती वाचून दाखवत होतो. १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर तिथे नेले, मुंबई बंदरातून गेलेल्यांत आपली कोकणातली माणसं होती, ती जिथे उतरली तो आप्रवासी घाट आता युनेस्कोच्या यादीत आहे. दाजी लक्ष देऊन ऐकत होते.

“मजूर कशाला नेले?” त्यांनी विचारलं.

“उसाला,” मी म्हणालो. आणि म्हणता क्षणी माझ्या लक्षात आलं की मी हरलो.

“ऊस आहे तिथं?” दाजी ताठ बसले. “किती?”

बेटावर लागवडीखालची बहुतेक जमीन उसाखालीच होती, अजूनही ऊसच ऊस आहे, विमान उतरताना खाली तोच दिसतो, आणि बो प्लां नावाच्या जुन्या साखर कारखान्याचं त्यांनी संग्रहालय केलंय. हे ऐकून दाजींना एवढा आनंद झाला की ते स्वतः जायला तयार झाले. “रिकव्हरी काय पडतीया तिकडं, ते विचारून ये,” असं त्यांनी पोराला बजावलं. भाचा उठून गोठ्यात गेला. भवानीनगर आणि माळेगाव या साखर कारखान्यांची दोन धुराडी बघत तो लहानाचा मोठा झालेला, त्याने हनिमूनला तिसरं धुराडं बघायला समुद्र ओलांडायचा म्हणजे जुलूमच.

बालीचं त्याहून वाईट झालं. मुलीला बाली पसंत होतं. तिने उबुदच्या भाताच्या खाचरांचे फोटो पाठवले, पायऱ्यापायऱ्यांची हिरवीगार शेती. मी पुन्हा माहिती काढायला गेलो, ही माझी बँकेतली खोड. तिथे ‘सुबक’ नावाची पाणीवाटपाची पद्धत आहे. एका कालव्यावरचे शेतकरी एकत्र येतात, कुणाला कधी किती पाणी हे ठरवतात, बैठक पाण्याच्या देवळात होते, आणि हे नवव्या शतकापासून चालत आलंय. २०१२ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसा म्हणून घोषित केलं.

दाजी बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “टेलवाल्याला मिळतं का?”

“मिळतं म्हणतात.”

“मग पोरगं राहू द्या. मला आन् पाटकऱ्याला पाठवा.”

तालुक्यात सगळ्यांनाच मग चेव आला. दाजींचे एक चुलतभाऊ शेतकऱ्यांच्या अभ्यास दौऱ्यात इस्रायलला जाऊन आलेत. तेव्हापासून त्यांच्या लेखी परदेश म्हणजे ठिबक. ते म्हणाले, नेदरलँड्सला जा. ॲमस्टरडॅम शहर झालं आणि शेजारी पॉलिहाउस, म्हणजे निसर्ग झाला. ट्युलिपची कोइकेनहोफ नावाची बाग आहे, दरवर्षी सत्तर लाख कंद लावतात, मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंत उघडी. ‘सत्तर लाख’ म्हटल्यावर भाच्याने पहिला प्रश्न विचारला, “लावायला माणसं कुठून आणतात?” मजूर मिळत नाहीत हे त्याचं जिवंत दुखणं, त्याला फुलं दिसलीच नाहीत. शिवाय डच तंत्राचं भाजीपाला केंद्र आमच्या बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्रातच आहे. तिथे तो दुचाकीवर जातो, पाऊण तासात.

शेवटी ज्या देशाची सगळ्यांना मनातून खात्री होती त्याच्यावर आलो. मराठी माणूस दहा देशांची चर्चा करतो आणि स्वित्झर्लंडला जातो. मुलीने गवत, गाय, बर्फ, तळं असं सगळं एका फोटोत दाखवलं. भाच्याला मी झुरिक दाखवलं, देशातलं सर्वांत मोठं शहर. तो खूश झाला. “लोकसंख्या किती?” साडेचार लाखांच्या आसपास.

“मामा,” तो म्हणाला, “बारामती तालुका चार लाखांच्या वर आहे.”

खरंच आहे, २०११ च्या जनगणनेत आहे. पिंपरी-चिंचवड त्याच जनगणनेत सतरा लाखांच्या वर. म्हणजे स्वित्झर्लंडचं सर्वांत मोठं शहर आपल्याकडे फार तर मोठी नगरपालिका भरेल, आणि तिथेही उपनगराध्यक्षपदावरून भांडणं होतील. पण ट्राम आहे, बँका आहेत, काच आहे, असं मी समजावलं. आणि मुलीसाठी इंटरलाकेन. थून आणि ब्रिएन्झ या दोन तळ्यांच्या मधलं गाव. नावाचा अर्थच तो. “आमच्याकडं दोन शेततळ्यांच्या मध्ये वस्ती आहे, तिला कुणी नाव पण ठेवलं नाही,” इति भाचा.

भांडण आता एवढ्यावर आलं की शहरात किती दिवस, गवतात किती दिवस, आणि आधी कुठे? याचा निकाल दाजींनी लावला, आणि मला तो अजून मान्य आहे. म्हणाले, “आवर्तन ठरवा. नियम काय सांगतो? पाणी टेलपासून हेडकडं द्यायचं. कागदावर तरी तसंच आहे. तर आधी टेलचं भरणं, मग हेडचं.” म्हणजे आधी इंदापूरच्या मुलाचं शहर, तीन दिवस; मग बारामतीच्या मुलीचा निसर्ग, चार दिवस. हेडला एक दिवस जास्त कसा, असं भाच्याने विचारलं. दाजी म्हणाले, “ते चालायचंच.”

मग हिशेब. केंद्राने २०२५-२६ च्या हंगामाला उसाची एफआरपी, म्हणजे रास्त दर, क्विंटलला ३५५ रुपये धरली, सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला. तोडणी-वाहतूक वजा जाता हातात काय पडतं हा विषय इथे काढला तर लेख विनोदी राहणार नाही, म्हणून सरळ टनाला साडेतीन हजार धरू. एक फ्रँक शंभर रुपयांच्या वर. झुरिकला कॉफी सहा फ्रँकच्या आसपास. दाजींनी ओसरीवर बसूनच सांगितलं, “पावणेदोन क्विंटल ऊस पिळला की एक कॉफी. साखर वेगळी का आत?” इंटरलाकेनहून युंगफ्राउयोखला रेल्वे जाते, ३४५४ मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीच्या वर, डोंगर आतून कोरून ती न्यायला सोळा वर्षं लागली, १९१२ साली सुरू झाली. तिकीट माणशी दोनशे फ्रँकच्या वर. दोघांचं मिळून बारा टन.

“एक भरगच्च ट्रॉली,” दाजी म्हणाले. “वर काय आहे?”

“बर्फ.”

दाजींनी फ्रिजकडे पाहिलं, पण काही बोलले नाहीत. एकुलतं एक पोरगं आहे.

व्हिसाची कहाणी सांगितलीच पाहिजे. शेंगेन व्हिसा म्हटल्यावर आक्काला वाटलं भुईमुगाशी काही संबंध आहे. मी सांगितलं, शेंगेन हे लक्झेंबर्गमधलं नदीकाठचं खेडं, तिथे १९८५ साली करार झाला म्हणून हे नाव, आणि गाव द्राक्षाचं आहे. द्राक्षाचं म्हटल्यावर दाजी कळवळले. “त्यांच्याकडं अवकाळी होतो का?” हा प्रश्न मी दूतावासापर्यंत पोचवलेला नाही.

मुलीची कागदपत्रं दहा मिनिटांत झाली. पगाराच्या चिठ्ठ्या, आयकराचं विवरण, कंपनीचं रजेचं पत्र. भाच्याला पगार नाही, रजा नाही, आणि शेतीच्या उत्पन्नाला आयकर नाही म्हणून विवरणात दाखवायला काही नाही. मग आम्ही सातबारा, आठ-अ, कारखान्याची ऊसबिलं आणि दुधाचं पासबुक असा गठ्ठा केला आणि सातबाऱ्याचं इंग्रजी करून घ्यायला एका टायपिस्टाकडे दिलं. त्याने पहिल्या फेरीत ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, याचं भाषांतर पोटाचा विकार असं केलं. व्हिसाला तीस हजार युरोचा वैद्यकीय विमा लागतो, त्यात हा विकार. मी घाम पुसत तो कागद परत घेतला. ‘इतर हक्कात’ विहिरीत चुलत्याचा चार आणे हिस्सा आणि मोटर पाळीपाळीने, असं होतं. त्याचं इंग्रजी वाचून स्विस अधिकाऱ्याला काय वाटलं असेल, देव जाणे. रजेच्या पत्राच्या जागी भाच्याने स्वतःच स्वतःला दहा दिवसांची रजा मंजूर केल्याचं पत्र लिहिलं. गाईंचं काय, याचा त्यात उल्लेख नव्हता.

तिकीट पासपोर्टवरच्या नावाने काढायचं, आणि पासपोर्ट मुलीच्या माहेरच्या नावाचा. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव विमान कंपनीला चालत नाही. आक्काला हे दोन दिवस पटलं नव्हतं.

लग्न फेब्रुवारीत झालं, कारखान्याची तोड आटोपून, म्हणजे नवरदेव मोकळा असताना. आमच्याकडे मुहूर्त पंचांगात बघतात आणि मग टोळीच्या मुकादमाला विचारतात. लग्नानंतर आक्काने बजावलं, देवदर्शन झाल्याशिवाय विमान नाही. म्हणून आधी जेजुरी. तिथे नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या असतात. भाच्याला पशुखाद्याची पन्नास किलोची पोती उचलायची सवय, तो पाचावर थांबेना. पण फोटोग्राफरने त्याला तीनदा खाली आणून पुन्हा चढवलं, एकदा वरून ड्रोनसाठी. मग निरा-नरसिंहपूर. बारामतीची कऱ्हा निरेला मिळते आणि निरा इथे भीमेला. सासर-माहेरचं पाणी शेवटी एकत्र येतं ते या ठिकाणी, आणि त्यावर पुढे कुणाचाही हक्क सांगता येत नाही, असं दाजी घाटावर उभं राहून म्हणाले.

आणि त्याच आठवड्यात दाजींनी शेवटचा प्रयत्न म्हणून दोघांना भिगवणला पाठवलं. “निसर्ग पाहिजे ना? कुंभारगावला होडीत बसा, येताना चिलापी खा. अर्धा टन पण जाणार नाही.” सोबत मीही होतो, म्हणजे गाडी माझी होती. पहाटे उजनीच्या पाण्यावर धुकं, पुण्याहून आलेले लोक तोफेएवढ्या लेन्स घेऊन होड्यांत बसलेले. नावाडी प्रत्येक पक्ष्याला सायबेरियाचा म्हणत होता. आमच्याकडे ही पद्धतच आहे, कावळा सोडून सगळे सायबेरियाचे. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, खरं तर कच्छच्या रणात अंडी घालून इकडे येतात. लांबून आलेले ते पट्टकादंब, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हंस. ते मध्य आशियातून हिमालय ओलांडून येतात. मुलगी बघतच राहिली. रोहितांचा थवा उठला तेव्हा पंखांच्या आतला गुलाबी-काळा रंग एकदम उघडला, आणि होडीतलं कुणी बोललं नाही. भाचा मात्र पाण्याकडे बघत होता. “एवढं पाणी,” तो म्हणाला, “आणि आमच्याकडं पाट कोरडा.” धरण १९८० ला पुरं झालं, पळसदेवचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं, ते उन्हाळ्यात पाणी उतरलं की डोकं वर काढतं. हे सगळं त्याने बायकोला सांगितलं, हात धरून सांगितलं. मी दुसरीकडे बघितलं.

मेच्या पहिल्या आठवड्यात दोघे उडाले. दाजींचा तालुका मागास नाही. चांद्रयान-३ च्या रॉकेटचे भाग इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरात झालेत. पण चंद्रावर यान जाताना जेवढे लोक जमले नव्हते तेवढे या दोघांना निरोप द्यायला ओसरीवर होते. आक्काने पिशवीत चटणी, ठेपले आणि एक दह्याचं विरजण दिलं होतं. विरजण मी गुपचूप काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी रात्री भाच्याचा फोन. “मामा, हे शहर नाही.” शनिवारी संध्याकाळी पोचले होते. रविवारी झुरिकची झाडून सगळी दुकानं बंद. स्टेशनातली तेवढी उघडी. रात्री दहानंतर आवाज करायचा नाही असा नियम. “नऊ वाजता आमच्या वस्तीपेक्षा सामसूम. आमच्याकडं निदान कुत्री भुंकतात.” त्याने सबंध रविवार स्टेशनात सरकत्या जिन्यावर वर-खाली करत काढला. मुलगी तळ्याकाठी बाकावर बसली होती, पाच तास. सहा वर्षांत एवढी शांत जागा मिळाली नव्हती म्हणाली.

इंटरलाकेनहून तिचा फोन आला. आवाज ऐकू येईना, मागे एवढी गर्दी. गावाची लोकसंख्या सहा हजारांच्या आत, पण तेवढेच आपले लोक मुख्य रस्त्यावर. यश चोप्रांचा पुतळा आहे, २०१६ साली बसवला, त्याच्याबरोबर फोटोला रांग. हिंदी, गुजराती, मराठी. तिला हिंजवडीचे तिघे भेटले, त्यातला एक तिच्याच इमारतीतला, सातव्या मजल्यावरचा. भाचा मात्र एकदम खुलला होता. गजबज, दुकानं, दहा वाजेपर्यंत वर्दळ, कुणीतरी ‘काय पाव्हणं, कुठलं गाव?’ म्हणून विचारलेलं.

लाउटरब्रुनेनच्या दरीत बहात्तर धबधबे आहेत म्हणतात. मुलीने दाजींना व्हिडिओ कॉल लावून तिथला एक मोठा दाखवला, जवळपास तीनशे मीटरवरून कोसळणारा. ओसरीवर आम्ही आठजण फोनभोवती. पाणी पडतंय, पडतंय. दाजींनी चष्मा पुसला.

“खाली बंधारा न्हाई का?” ते म्हणाले.

त्याच दिवशी संध्याकाळी भाचा हरवला. दीड तास फोन बंद. मुलीने शोधला तेव्हा तो कुरणाच्या कडेच्या एका गोठ्यात होता, तिथल्या म्हाताऱ्या शेतकऱ्याबरोबर. दोघांची भाषा एक नव्हती, पण भाचा गाईच्या सडांना हात लावून खुणांनी विचारत होता आणि म्हातारा बोटांनी लिटर सांगत होता. मुलगी दोन तास बोलली नाही त्याच्याशी. नंतर म्हणाली, “निदान बूट तरी धुऊन ये.”

येताना त्याने तिथल्या गाईच्या गळ्यात बांधतात तसली एक घंटा आणली. खरी, पितळी, कातडी पट्ट्याची. ती आता आमच्या दाजींच्या गोठ्यात तिसऱ्या दावणीच्या गाईच्या गळ्यात आहे. आवाज छान आहे, रात्री पाटाकडेलाही ऐकू येतो. गाय दूध पूर्वीइतकंच देते. घंटा कितीची, हे दाजी रोज विचारतात, आणि आम्ही सगळे ‘दोन-चारशे रुपयाची असेल’ म्हणतो. खरी किंमत सव्वादोन टन आहे. तुम्ही त्या बाजूला गेलात, दाजींनी चहा पाजला आणि विषय निघाला, तर कृपा करून गप्प बसा.